'शीक' नाही, 'शिका'

(पहिल्या पिढीतील पदवीधरांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत फळ्यावर रोजचा सुविचार लिहायचं काम माझ्याकडे होतं. अक्षर बरं, म्हणून. घरातली पहिली पदवीधर मीच. आज पीएचडी करते आणि सकाळी उठले की फोनवर दहा सुविचार येऊन पडलेले असतात. तुमच्याही येत असतील. त्यांचं आपण करतो काय, एवढंच आज बोलायचं आहे.

संशोधनासाठी मी बनारसला ब्रह्मा घाटावर राहिले होते. दुर्गा घाट, ब्रह्मा घाट हा काशीतल्या मराठी ब्राह्मण कुटुंबांचा जुना भाग. जवळच पंचगंगा घाट. आख्यायिका अशी, की रामानंद विणकराला दीक्षा देणार नाहीत म्हणून कबीर पहाटे तिथल्या पायऱ्यांवर आडवा झाला. अंधारात पाय लागला, रामानंदांच्या तोंडून 'राम' निघालं, आणि तोच त्याने मंत्र मानला. बाबासाहेबांनी बुद्ध आणि फुल्यांसोबत ज्याला गुरू मानलं, त्या कबीराला एका शब्दासाठी पायाखाली जावं लागलं.

तिथल्या एका घरी मी मुलाखतीला गेले. भिंतीवर कबीराचं वचन फ्रेम करून लावलेलं. साधूची जात विचारू नये, अशा अर्थाचं. त्याच भिंतीला टेकून आजींनी माझं आडनाव विचारलं. त्यावरून अंदाज येईना. मग गाव विचारलं. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे आपल्यातलीच ना गं?"

मी मान डोलावली.

माझ्या फोनच्या पडद्यावर तेव्हा 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' असं लिहिलेलं होतं. मी चहा प्यायले, मुलाखत घेतली, खोलीवर आले. रात्रभर झोप लागली नाही.

शाळेपासून फळ्यावर लिहीत आलेलं हे वाक्य मी नीट वाचलं ते त्या रात्री. 'शीक' नाही, 'शिका'. तिन्ही क्रियापदं अनेकवचनी. जुलै 1942 मध्ये नागपूरला दलित वर्गांच्या अखिल भारतीय परिषदेत बाबासाहेबांनी हा संदेश दिला, तेव्हा समोर हजारो माणसं होती. मी तो एकवचनी करून टाकला होता. मी शिकले, मला नेट मिळाली, माझी फेलोशिप. मग त्या घरात एकटी बसले असताना ते वाक्य माझ्या कामाला येणार कसं?

सकाळी विद्यापीठातल्या दोन मैत्रिणींना फोन केला. त्यातली एक रविदासांच्या सीर गोवर्धनपूरची. "हम भी चलेंगे," म्हणाली. आम्ही तिघी गेलो. मी आजींना माझी जात सांगितली. आजी काही बोलल्या नाहीत, उठून आत गेल्या. पुढची मुलाखत झालीच नाही. प्रबंधात आधीची मुलाखत मी वापरणार नाही, पण माझी डोललेली मान नोंदवणार आहे. ती माझ्या एकटीची गोष्ट नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

म्हणून एकच विनंती. उद्या सुविचार आला की पुढे पाठवण्याआधी जरा थांबा. तुमच्या वसतिगृहात, तुमच्या ऑफिसात कोण आडनाव गिळून बसलंय, ते आठवा. आधी त्यांना फोन करा.

जय भीम.