सकळ लिपीपासून गुप्त भुयारापर्यंत

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांत गोदावरीच्या कांठीं पांचाळेश्वर नांवाचें क्षेत्र आहे. महानुभाव पंथीय तें आत्मतीर्थ म्हणून पूज्य मानतात. या पंथाच्या मठांतून जे मराठी ग्रंथ शतकानुशतकें जपले गेले, त्यांपैकीं पुष्कळ ग्रंथ परक्या माणसाच्या हातीं पडले तरी त्याला वाचतां येत नसत. कारण ते सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिप्यांत लिहिलेले होते. एका अक्षराच्या जागीं दुसरें अक्षर किंवा चिन्ह योजावयाचें, हें सकळ लिपीचें तत्त्व. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं या लिपीची उकल विद्वानांपुढें ठेवली, आणि इतके दिवस बंद असलेलें दालन उघडें झालें.

मराठी वाङ्मयाचा यांत लाभच झाला. परंतु गुपित राखूं इच्छिणारानें यांतून एक धडा घ्यावयास हवा. जें गुपित केवळ पद्धतींत असतें, तें एकदां फुटलें कीं सर्वस्वी फुटतें. ऑगुस्त केर्कहॉफ्स या डच पंडितानें १८८३ सालीं हेंच सूत्ररूपानें सांगितलें होतें: कुलपाची घडण शत्रूस कळली तरी चालेल, किल्ली मात्र कळतां कामा नये. आजचा सारा संगणकव्यवहार या सूत्रावर उभा आहे.

बीड जिल्ह्यांतूनच एक उदाहरण घेऊं. ऊसतोडीच्या हंगामांत येथील असंख्य कुटुंबें घरदार सोडून पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. समजा, अशा कुटुंबांचीं नांवें, खातेक्रमांक आणि मजुरीच्या रकमा यांची यादी अंबाजोगाईच्या एखाद्या कचेरींतून मुंबईच्या पेढीकडे रोज रात्रीं आपोआप जावयाची आहे. ती वाटेंत कोणीं वाचली तर घराघराची मिळकत उघडी पडेल. कोणीं एखादा खातेक्रमांक बदलला तर सहा महिन्यांची कमाई भलत्याच्या पदरांत जाईल. मग ही यादी पाठवावी कशी?

फाइली पाठविण्याची जुनी रीत एफटीपी या नांवानें प्रसिद्ध आहे. तिचा पहिला मसुदा १९७१ च्या एप्रिल महिन्यांत अभय भूषण या भारतीय तरुणानें अमेरिकेंत लिहिला. त्या काळीं जाळ्यावरचे संगणक थोडे व बहुधा परस्परांच्या परिचयाचे. त्यामुळें मजकूरच काय, परवलीचा शब्दसुद्धां या रीतींत पोस्टकार्डासारखा उघडा जाई. पुढें जाळें जगभर पसरलें आणि वाटेंत कान लावून बसणारे निर्माण झाले. फिनलंडमध्यें हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर अशाच रीतीनें परवलीचे शब्द चोरले गेले, तेव्हां तेथील तातु युलेनेन यांनीं १९९५ सालीं एसएसएच ही नवी योजना रचली. दोन संगणकांमध्यें तिनें जणू एक भुयार खणलें जातें. या भुयारांतून फाइली नेणारी जी रीत, ती एसएफटीपी. नांवांत साम्य असलें तरी ती जुन्या एफटीपीची नुसती डागडुजी नव्हे. ती स्वतंत्र आहे.

आतां शंका अशी येते कीं, अंबाजोगाई व मुंबई यांनीं किल्ली ठरवावयाची ती उघड्या वाटेवरच. मग चोरास ती कळत कशी नाहीं? डिफी व हेलमन यांनीं १९७६ सालीं याचें उत्तर दिलें. लहान आंकड्यांनीं तें पाहतां येईल. दोघांनीं २३ व ५ हे आंकडे उघडपणें ठरविले. कचेरीनें मनांत ३ धरला. ५ चा घन १२५, त्यास २३ नें भागून बाकी १०. ती तिनें पाठविली. पेढीनें मनांत ७ धरला. ५ चा सातवा घात ७८,१२५, बाकी १७. ती तिनें पाठविली. आतां कचेरी १७ चा घन करते: ४,९१३, बाकी १४. पेढी १० चा सातवा घात करते: एक कोटि, बाकी १४. दोघांच्या हातीं एकच आंकडा आला, आणि तो कोणीं उच्चारलाच नाहीं! चोरानें २३, ५, १० व १७ ऐकले. मनांतले आंकडे त्यानें ऐकले नाहींत. या रीतीच्या मूळ प्रकारांत २३ ऐवजीं सहाशेंहून अधिक अंकांची संख्या घेतली जाते, आणि मग शोधून काढण्याचा प्रयत्न व्यर्थ होतो.

तथापि येथें एक कठीण जागा आहे. भुयार पक्कें असलें तरी त्याच्या दुसऱ्या टोंकाशीं कोण उभा आहे, हें या गणितानें कळत नाहीं. तोतयानें मध्येंच आपलें टोंक उभारलें, तर यादी सुरक्षितपणें चोराच्याच घरीं पोंचेल. म्हणून पलीकडच्या संगणकाला स्वतःची कायम किल्ली असते व तिचा, अंगठ्याच्या ठशासारखा, एक ठसा असतो. तो आधीं दुसऱ्या विश्वसनीय मार्गानें, निदान दूरध्वनीवरून, पडताळून कार्यक्रमांत नोंदवून ठेवावयाचा असतो. पुष्कळ कार्यक्रम लिहिणारे येथेंच चुकतात. ठसा जुळेना कीं कार्यक्रम थांबतो, काम अडतें, वरून तगादा येतो. मग ते "कोणताही ठसा चालेल" अशी एक ओळ घालून मोकळे होतात. दाराशीं पहारेकरी ठेवून त्याचे डोळे बांधावे, तसाच हा प्रकार होय.

दुसरी चूक परवलीचा शब्द कार्यक्रमाच्या मजकुरांतच लिहून ठेवण्याची. तो मजकूर दहा जणांच्या हातांतून जातो. त्याऐवजीं किल्ल्यांची जोडी वापरावी; खाजगी किल्ली वेगळ्या, बंदोबस्ताच्या ठिकाणीं असावी; आणि त्या खात्यास केवळ एका कप्प्यांत फाइल ठेवण्याचाच अधिकार असावा. तिसरी गोष्ट, वाटेंत संपर्क तुटून अर्धीच यादी पोंचल्यास पेढी ती पूर्ण समजून बसेल. यासाठीं फाइल प्रथम तात्पुरत्या नांवानें पाठवावी, लांबी ताडून पाहावी, आणि मगच तिला खरें नांव द्यावें.

शेवटीं हेंही ध्यानांत असावें कीं, भुयार वाटेचें रक्षण करतें, घराचें नव्हे. मुंबईस पोंचलेली यादी तेथील संगणकावर उघडीच पडून राहिली, तर सारा खटाटोप फुकट. पांचाळेश्वरापासून फार दूर नसलेल्या एखाद्या तांड्यावरची माउली हंगाम संपल्यावर खात्यावरची रक्कम विचारते, तेव्हां तिला या गणितांतलें कांहींच ठाऊक नसतें, आणि असण्याची गरजही नाहीं. तें ज्यांस ठाऊक आहे, त्यांनीं ठसा न पाहतां दार उघडूं नये, एवढीच तिची अपेक्षा असूं शकते. आणि ती रास्त आहे.