लेंकरांचें रक्षण
(ज्युबिली-समारंभाच्या सभेंत केलेलें भाषण)



ह्या आनंदाच्या दिवशीं आम्ही एका बालरोगतज्ज्ञाची हकीकत सांगणार आहों. डॉ. हेन्री केंप हे अमेरिकेंत डेनव्हर शहरीं मुलांचे डॉक्टर होते. हाडें मोडलेलीं तान्हीं बाळें त्यांच्यापुढें येत. आईबाप म्हणत, 'पाळण्यांतून पडलें.' परंतु क्ष-किरणांच्या चित्रांत एक हाड ताजें मोडलेलें, तर दुसरें पूर्वींच मोडून सांधत आलेलें दिसे. एका पडण्यानें असें कसें व्हावें? जन्मदाते लेंकरास मारतील, हें मानण्यास डॉक्टरांचेंही मन धजत नसे. केंप व त्यांचे सहकारी यांनीं १९६२ सालीं तें उघड लिहिलें. आणि १९६७ पर्यंत तेथील सर्व राज्यांत अशा मारहाणीची वर्दी देण्याचे कायदे झाले.

हें दूरदेशचें म्हणून आपण निश्चिंत राहावें काय? २००१ च्या खानेसुमारींत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागें मुली सातारा जिल्ह्यांत ८७८ व सांगली जिल्ह्यांत ८५१ च भरल्या. नको असतां जन्मली म्हणून मुलीचें नांवच 'नकुशा' ठेवावें, अशी रीत साताऱ्याकडे होती. २०११ सालीं तेथें अडीचशेंहून अधिक नकुशांस समारंभपूर्वक नवीं नांवें देण्यांत आलीं. हाड न मोडतां रोज बसणारा तो मारच नव्हता काय?

दुसऱ्यांस दोष देण्यापूर्वीं आपलें सांगितलें पाहिजे. तरुणपणीं धर्मशिक्षणाच्या वर्गांत आम्हींही छडी उगारली आहे, व तीस शिस्त म्हटलें आहे. एका मुलाचीं प्रश्नोत्तरें त्यामुळें पाठ झालीं. परंतु पुढें त्यानें आमच्याकडे कधीं मान वर करून पाहिलें नाहीं. तें आम्हांस अजून बोंचतें.

शाळेंत मुलांस मारण्यास २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें मनाई आहे. बालकावरील लैंगिक अत्याचार ज्यास कळेल त्यानें तो पोलिसांस कळविलाच पाहिजे, असें २०१२ चा पोक्सो कायदा सांगतो. पोप फ्रान्सिस यांनींही २०१९ सालीं धर्मगुरु व धर्मभगिनी यांजवर असे प्रकार वरिष्ठांस कळविण्याचें बंधन घातलें. झग्याआड लपण्यास जागा नाहीं, आणि नसावी.

म्हणून मायबापहो, लेंकरूं कांहीं सांगूं लागलें तर 'गप्प बस' म्हणूं नका. घराण्याच्या अब्रूपेक्षां, आणि ह्या देवळाच्याही अब्रूपेक्षां, तें मोठें आहे. शेजारीं मूल रडत असेल तर १०९८ ह्या क्रमांकावर फोन करा. प्रभूनें बालकांस जवळ बोलाविलें, तें त्यांना निर्भय करण्यासाठीं. त्यांना आपलें भय वाटूं नये, एवढी भेट ह्या ज्युबिलीस आपण देऊं या.