ल्यूबेकचे विटांचे चर्च

वीटभट्टीवर भाजलेली वीट आपण नेहमीच पाहतो. तिचे घर बांधतात, फार तर दोन मजले चढवतात. पण तशाच भाजक्या विटांनी बारा मजली घराएवढ्या उंचीवर छत घातले आहे, असे सांगितले तर खरे वाटेल का?

उत्तर जर्मनीत, बाल्टिक समुद्राजवळ, ल्यूबेक नावाचे जुने व्यापारी शहर आहे. तेथील सेंट मेरीच्या चर्चला असे छत आहे.

त्या मुलखात बांधकामाजोगा दगड नाही, चिकणमाती मात्र भरपूर. फ्रान्समधल्या उंच दगडी चर्चांचा घाट तिथल्या व्यापाऱ्यांच्या मनात भरला. तोच त्यांनी विटेत उतरवला. साधारण १२५० ते १३५० अशी शंभर वर्षे काम चालले. मधले छत ३८.५ मीटर उंच आहे. एवढा भार तोलायचा कसा? छताला टोकदार कमानी आहेत. त्यांचा रेटा भिंतींना बाहेर ढकलू पाहतो. तेव्हा बाहेरच्या बाजूने अर्ध्या कमानींचे टेकू दिले आहेत. ते हा रेटा जमिनीत उतरवतात. म्हणूनच भिंतींत मोठाल्या खिडक्या ठेवता आल्या.

बांधले तेव्हा हे चर्च रोमन कॅथॉलिकांचे होते. १५३१ साली शहराने मार्टिन ल्यूथरची शिकवण पत्करली. तेव्हापासून तेथे ल्यूथरपंथी उपासना चालते.

२८ मार्च १९४२ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी शहरावर बाँब टाकले. चर्चचे छप्पर जळाले, मनोऱ्यातल्या घंटा कोसळून फुटल्या. धगीने भिंतींवरचा चुना गळाला, आणि त्याखाली झाकलेली जुनी चित्रे दिसू लागली.

युद्धानंतर दुरुस्ती निघाली. लोथार माल्सकाट नावाचा चित्रकार ही चित्रे उजळायला बसला. वेदीकडच्या भागात जुने जवळजवळ काही उरले नव्हते; तिथे त्याने स्वतःच नवी चित्रे काढली, आणि ती जुनी म्हणून खपली! १९५१ मध्ये मोठा समारंभ झाला, टपालाची तिकिटेसुद्धा निघाली. पण १९५२ मध्ये माल्सकाटने आपणहून कबुली दिली. पुढे त्याला शिक्षा झाली, आणि ती चित्रे पुसून टाकली.

फुटक्या घंटा मात्र दक्षिणेकडच्या मनोऱ्यात जिथे पडल्या तिथेच ठेवल्या आहेत. सुंदर चित्रे गेली, मोडक्या घंटा राहिल्या. कारण त्या खऱ्या आहेत. शिक्षकांनी मुलांना ही गोष्ट अवश्य सांगावी. जुनी वास्तू दुरुस्त जरूर करावी, पण तिचा इतिहास आपल्या पदरचा घालू नये.