तिथीचे भाषांतर



आदिलाबाद जिल्ह्यातील नार्नूरच्या बाजारात गोंडी, लंबाडी, मराठी आणि तेलुगू एकाच वेळी कानांवर पडतात. पौष पौर्णिमेस तेथे थोडसम कुळाची खामदेवाची जत्रा भरते. पुढे पंधरवड्याने, पौष अमावास्येस, केसलापूरला मेस्राम कुळाचा नागोबा. अशा मुलखासाठी कोणी बहुभाषी संकेतस्थळ उभारू लागला, तर या दोन तिथी तो कशा लिहील?

मराठीचा पौष तो तेलुगूचा पुष्यमास. दोन्हीकडे महिना अमावास्येला संपतो, म्हणून केवळ नाव बदलले की भागते. हिंदीत मात्र महिना पौर्णिमेला संपतो. खामदेवाची पौर्णिमा तेथेही पौषच राहते. नागोबाची अमावास्या माघाची होते. 2025 साली 13 जानेवारीस पौष पौर्णिमा होती आणि 29 जानेवारीस प्रयागला मौनी अमावास्येचे स्नान झाले. तीच आपली पौष अमावास्या. शब्दास शब्द ठेवून हिंदीत ‘पौष अमावस्या’ लिहिले, तर वाचक 30 डिसेंबर 2024 रोजीच केसलापूरला पोचेल, आणि तेथे त्याला रिकामे माळ दिसेल.

जँगोसारखे वेब फ्रेमवर्क, म्हणजे संकेतस्थळाचा तयार सांगाडा, दिवस अंकांत एकदाच साठवतो व वाचकाच्या भाषेत महिन्याचे नाव दाखवतो. व्यवस्था उत्तम आहे; पण ती जानेवारी-फेब्रुवारीपुरती. तिथीचे नाव जाणत्या माणसानेच प्रत्येक भाषेत स्वतंत्र लिहावे आणि शेजारी इंग्रजी तारीख अवश्य द्यावी.

मजकुराचीही गत तशीच. संदर्भाविना हाती आलेला इंग्रजी ‘मे’ हा महिना की क्रियापद, हे अनुवादकाला कळावे कसे? म्हणून जँगोत अशा शब्दासोबत ‘हे महिन्याचे नाव’ अशी खूण जोडण्याची सोय आहे. ‘नवीन’ हा एक शब्द सर्वत्र चालतो, परंतु ‘नवा’ लिहिणाऱ्याला ग्रंथ, कादंबरी आणि पुस्तक यांसाठी नवा, नवी, नवे असे तीन पर्याय द्यावे लागतात. तुकडे जोडून वाक्य करणाऱ्या यंत्राला हे सोसत नाही. त्याला अखंड वाक्यच द्यावे.

सर्वांत बिकट प्रकरण जुन्या दप्तराचे. निजामी अमदानीतील उर्दू कागदांवर फसली सन असे. त्यात 590 मिळवले की इसवी सन, असा ढोबळ हिशेब सांगतात. पण हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होई. 17 सप्टेंबर 1948 हा हैदराबाद मुक्तीचा दिवस फसली 1357 मध्ये येतो. 590 मिळवले तर उत्तर 1947 निघते! जानेवारीनंतरच्या दिवसांना 591 हवेत. शेतजमिनीच्या एखाद्या वादात हे एक वर्ष बाप-लेकांच्या हक्कांची उलटापालट करू शकते. तेव्हा अशा नोंदीत मूळ फसली तारीख महिन्यासह जशीच्या तशी ठेवावी, आणि इसवी तारीख तिच्याखाली, वेगळ्या रकान्यात द्यावी.