छपाईयंत्राची भाषा आणि स्मृति

कचेरीच्या कोपऱ्यांत उभें असलेलें, छापणारें, नकला काढणारें आणि कागदांचें चित्र टिपणारें बहुकामी यंत्र पुष्कळांच्या परिचयाचें आहे. प्रिंटर हें त्याचें रूढ नांव. संगणकाकडून त्याच्याकडे तयार पान येतें, असा समज असतो. पण येतात ते बहुधा हुकूम. अमुक वळणाचें अक्षर घे, वरून इतक्या अंतरावर बसव. ते वाचून पान रचावयाचें काम यंत्र आपल्या पोटांत करितें. छापखान्यांतील जुळारी हस्तलिखित पाहून खिळे जुळवी, त्यांतलाच हा प्रकार. येथें खिळे शिशाचे नाहींत, इतकेंच.

ह्या हुकुमांच्या भाषा अनेक आहेत. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीची पीसीएल मितभाषी. २७ क्रमांकाचें एक अदृश्य चिन्ह आलें, कीं त्यामागून येणारीं अक्षरें छापावयाचीं नसून पाळावयाचीं आहेत, असें यंत्र ओळखतें. १९८४ सालच्या पहिल्या लेझरजेट यंत्राची स्मृति अवघी १२८ किलोबाइट होती. आतां हिशेब पाहावा: इंचाला ३०० ठिपके धरले, तर साडेआठ इंच रुंद व अकरा इंच लांब पानावर ८४,१५,००० ठिपके होतात, आठ ठिपक्यांस एक बाइट, म्हणजे सुमारें साडेदहा लाख बाइट. यंत्रांत एक अष्टमांश पान कसेंबसें मावलें असतें! म्हणून अक्षरांचे नमुने कायमच्या स्मृतींत ठेवीत, आणि पान ऐन छपाईच्या वेळीं पट्टीपट्टीनें रचीत. मजकूर सुरेख उमटे. तितक्याच बारकाईचें पानभर चित्र मात्र आवाक्याबाहेरचें.

जॉन वॉर्नॉक व चार्ल्स गेश्की यांच्या अडोबी कंपनीची पोस्टस्क्रिप्ट भाषा निराळ्या थाटाची. ती अक्षर वक्ररेषांनीं वर्णिते, म्हणून तेंच अक्षर मुंगीएवढें अथवा हातभर काढतां येतें. असें पांडित्य महाग पडतें. १९८५ सालच्या ॲपलच्या लेझररायटरांत दीड मेगाबाइट स्मृति घालावी लागली. त्याला हुकूम देणाऱ्या मॅकिंटॉश संगणकापाशीं त्या वेळीं फार तर अर्धा मेगाबाइट होती. चाकराची स्मृति धन्याच्या तिप्पट!

कधीं यंत्रांतून निरर्थक चिन्हांचे कागद भराभर बाहेर पडतात. यंत्र बिघडलें असें वाटतें. पुष्कळदां हुकूमच मजकूर समजून छापले गेलेले असतात. पीजेएल ही तिसरी भाषा असा घोटाळा टाळण्यास उपयोगी पडते. ती रेघही काढीत नाहीं. पुढचें काम कोणत्या भाषेंत आहे, प्रती किती, हें मुकादमासारखें सांगून बाजूला होते.

पान रचण्याची स्मृति वीज बंद होतांच पुसली जाते. परंतु कचेऱ्यांतील मोठ्या यंत्रांत बहुधा एक चुंबकीय तबकडी किंवा तसेंच साधन असतें, आणि तिच्यावरचीं चित्रें वीज गेल्यानें जात नाहींत. २०१० सालीं अमेरिकेंतील सीबीएस वृत्तसंस्थेनें न्यू जर्सींतील एका गोदामांतून वापरलेलीं चार यंत्रें विकत घेतलीं. त्यांच्या तबकड्यांवरून पोलिसांच्या तपासाचे कागद आणि रुग्णांचे वैद्यकीय तपशील निघाले. हे तपशील ज्या आरोग्यविमा संस्थेकडचे होते, तिला २०१३ सालीं बारा लाख डॉलरांहून अधिक रक्कम भरावी लागली. तिनें लबाडी केली नव्हती. भाड्याचें यंत्र परत करितांना तबकडी पुसली नव्हती.

हल्लींच्या अनेक मोठ्या यंत्रांत तबकडी पुसण्याची सोय असते. घरगुती यंत्रांत तबकडी सहसा नसते; पण घरच्या वायफायचा संकेतशब्द त्यांत राहूं शकतो. जुन्या बाजारांत देण्यापूर्वीं यंत्र मूळ स्थितीवर आणण्याची आज्ञा द्यावी, आणि मगच तार काढावी.