जन्माचा वाटा, भवतालाची जबाबदारी



 माणसाच्या वागण्यात रक्ताचा वाटा किती आणि संस्काराचा किती, हा मानसशास्त्र, शिक्षण व समुपदेशन या आपल्या क्षेत्रांतला फार जुना वाद. त्यावर बोलण्यासाठी अलिबागसारखी जागा शोधून सापडणार नाही.

इथून जवळच नवगाव आहे. बेने इस्रायल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज गलबत फुटून याच किनाऱ्याला लागले. पुढे ही कुटुंबे गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजाच्या वंशात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे आढळले. पण शनिवार पाळायला कोणत्याही जनुकाने शिकवले नव्हते. तो आईबापांनी पाळला, मुलांनी पाहिला आणि पुढे चालवला. त्याच घरांत मराठी मातृभाषा झाली, पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी गावांवरून आडनावे पडली, आणि प्रेषित एलियाहू हन्नबीच्या नावाने होणाऱ्या मलिद्याच्या ताटात कोकणचे पोहे आले.

रेवदंड्यासमोर, कुंडलिका नदीच्या पलीकडे कोर्लई आहे. पोर्तुगीजांनी १७४० साली शेजारचे चौल सोडले, तरी कोर्लईतल्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीजमधून घडलेली ‘नौ लिंग’ ही बोली टिकून राहिली. भाषा शिकण्याची क्षमता आपण जन्मतः घेऊन येतो. लंडनमधल्या एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांत बोलण्याचा दोष चालत आला होता. त्यांच्या अभ्यासातून २००१ साली ‘फॉक्सपी-२’ या जनुकातला बिघाड सापडला. त्या एका बिघाडाने उच्चार आणि भाषा दोन्ही अडखळतात. मात्र जनुक शाबूत असलेले मूल नौ लिंग बोलेल की मराठी, हे घर ठरवते. जनुकाशिवाय भाषा नाही आणि घराशिवायही नाही. मग यात कोणाचे टक्के किती मोजायचे?

टक्क्यांची भाषा आपल्याकडे फार सैलपणे वापरली जाते, म्हणून थोडे स्पष्ट बोलते. जुळ्यांवर जगभर झालेल्या अडीच हजारांहून अधिक संशोधनांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात मानवी गुणधर्मांची आनुवंशिकता सरासरी ४९ टक्के निघाली. याचा अर्थ एखाद्या मुलाचा निम्मा राग आजोबांकडून आला, असा होत नाही. एका समाजात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती भाग जनुकांतल्या फरकाशी जोडता येतो, एवढेच तो आकडा सांगतो. परिस्थिती बदलली की आकडाही बदलतो. आपल्या शेतकऱ्याला हे पुस्तकाविना कळते. एकाच पोत्यातले भाताचे बी खाऱ्या जमिनीत पेरले आणि गोड्या जमिनीत पेरले, तर दोन शेतांच्या उताऱ्यात जो फरक पडतो तो जमिनीचा असतो. त्यासाठी कोणी बियाण्याला दोष देत नाही.

मुलांच्या बाबतीत मात्र आपण बियाण्याला, म्हणजे जन्माला, दोष देतो. अमेरिकेत सात वर्षांच्या जुळ्या मुलांवरचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. सुस्थितीतल्या घरांतल्या मुलांच्या बुद्ध्यंकातला फरक बराचसा जनुकांशी जुळत होता. अत्यंत गरीब घरांत जनुकांचा वाटा जवळजवळ शून्यावर आला होता. पुढे युरोप आणि ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांत ही तफावत अशी दिसली नाही. तिथली सरकारे गरिबांच्या शिक्षण-आरोग्याची काळजी अधिक समानतेने घेतात, हे त्याचे एक कारण असावे, असे संशोधकांना वाटते. मला यात मोठा धडा दिसतो. उपजत गुण फुलायलाही आधी पोट भरलेले असावे लागते.

आणि दोष जनुकाचाच असला तरी हात टेकण्याचे कारण नाही. फिनाइलकीटोन्युरिया या जन्मजात विकारात उपचार न झाल्यास मेंदूची वाढ खुंटते. पण जन्मानंतर लगेच निदान झाले आणि आहारातले फिनाइलअॅलॅनिन हे अमिनो आम्ल मोजूनमापून दिले, तर तेच मूल इतरांसारखे शिकते. विकार जनुकाचा, उपाय आहाराचा.

सहकाऱ्यांनो, जन्मावरून वागणूक ठरवण्याची किंमत या देशाने मोजली आहे. १८७१च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, त्यामागची समजूत मात्र गेली नाही. रायगडातल्या कातकरी वाड्यांवरची कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर जातात. शाळा मध्येच सुटते. मूल परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो आणि कोणीतरी सहज म्हणते, “यांच्या डोक्यात शिरतच नाही.” हे वाक्य विज्ञानाच्या कसोटीवर खोटे आहे, आणि आपल्यापैकी जे कोणी ते शिक्षकांच्या खोलीत मुकाट ऐकून घेतात, तेही त्या अन्यायात सहभागी होतात.

जनुके नाकारा, असे मी म्हणत नाही. स्वमग्नता, स्किझोफ्रेनिया, अक्षरओळखीतल्या अडचणी यांत अनुवंशाचा वाटा मोठा आहे. तो मान्य केल्याने आईवरचा नाहक दोष दूर होतो. पण जनुके आपण निवडत नाही. मुलाचे जेवण, झोप, शाळा, मार आणि माया मात्र मोठ्यांच्या हातात असते, आणि म्हणून त्याची जबाबदारीही आपली.

माझी आपल्याला एकच विनंती आहे. कोणत्याही मुलाच्या कागदावर ‘उपजत मंद’ किंवा ‘स्वभावतः हूड’ असा शेरा मारण्याआधी त्याचे कान तपासा, डोळे तपासा, त्याने सकाळी काय खाल्ले ते विचारा, गेले सहा महिने ते कुठे होते याची चौकशी करा. एवढे केल्याशिवाय कोणाचाही जन्म दोषी धरण्याचा अधिकार आपल्याला नाही.