दोन उंबरठे



पुण्याहून नगरकडे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरकडे जाणारा महामार्ग शिक्रापूरला पोहोचतो तेथे चाकणची वाट त्याला येऊन मिळते. अलीकडे सणसवाडी, पलीकडे रांजणगावची औद्योगिक वसाहत. पाळी बदलण्याच्या वेळी या परिसरात उभे राहिले, तर कंपन्यांच्या बसगाड्यांतून चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसांत गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या तरुणी दिसतात. रस्त्याच्या कडेला खानावळ चालवणारी, शिवणयंत्रे मांडून बसलेली, सुट्या भागांच्या छोट्या कारखान्याचे हिशेब पाहणारी स्त्रीही दिसते. कधीकाळी बाजरी-ज्वारीच्या कोरडवाहू रानांसाठी ओळखल्या जाणाऱ्या शिरूर तालुक्यात झालेला हा पालट एका पिढीतला आहे.

या स्त्रीचे कौतुक करताना आपल्याकडे एक शब्दप्रयोग हमखास वापरला जातो : तारेवरची कसरत. घर आणि उद्योग दोन्ही ती कशी सांभाळते, असे आपण कौतुकाने म्हणतो, महिलादिनी तिला श्रीफळ आणि शाल देतो, आणि दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा त्याच तारेवर चढवतो. ती तार कोणी बांधली आणि खाली हात देण्यास कोणी उभे आहे की नाही, हे मात्र कोणी विचारत नाही. आजचा विषय हाच आहे. उद्योग चालवणाऱ्या स्त्रीचा तोल नेमका कशावर टिकतो?

याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. शिक्रापूरहून चाकणमार्गे पुढे गेले की पिंपरी-चिंचवडची उद्योगनगरी लागते. तेथे थरमॅक्स ही कंपनी वाढली. साखर असो, कागद असो, कापड असो की औषधे, कारखान्याला वाफ लागते. ती वाफ निर्माण करणारे बॉयलर, पाणी आणि हवा शुद्ध करणारी यंत्रसामग्री हा थरमॅक्सचा व्यवसाय. अदी भाथेना या पारशी उद्योजकाने १९६६ साली बेल्जियमच्या वॅन्सन कंपनीच्या सहकार्याने हा उद्योग उभारला. पुढे त्यांचे जावई रोहिंटन आगा यांनी तो वाढवला आणि १९८० मध्ये त्याला थरमॅक्स हे नाव मिळाले. या घरातील कन्या आणि पत्नी म्हणजे अनू आगा.

अनूताईंचा जन्म १९४२ चा. अर्थशास्त्राची पदवी आणि त्यानंतर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतून समाजकार्याचे शिक्षण, ही त्यांची शैक्षणिक शिदोरी. विवाहानंतरची सुमारे दोन दशके त्यांच्या आयुष्याचा केंद्रबिंदू घर आणि मेहेर व कुरुश ही दोन मुले हाच होता. १९८२ मध्ये रोहिंटन यांना हृदयविकाराचा तीव्र झटका आला. शस्त्रक्रियेच्या वेळी पक्षाघात झाला. बोलणे, लिहिणे या साध्या गोष्टी त्या बुद्धिमान माणसाला पुन्हा नव्याने शिकाव्या लागल्या. ते जिद्दीने सावरले, कामावर परतले. पण या घराला एक गोष्ट कळून चुकली होती. कर्त्या पुरुषाच्या एकट्या खांद्यावर सारा भार ठेवता येत नाही.

१९८५ मध्ये अनूताई कंपनीत काम करू लागल्या. मालकाची पत्नी म्हणून मानाची खुर्ची त्यांनी घेतली नाही. मनुष्यबळ विभागात त्या रुजू झाल्या. माणसे कशी निवडावी, त्यांचे ऐकून कसे घ्यावे, तंटे कसे सोडवावे, हे त्या तेथे शिकल्या. १९९१ मध्ये त्या विभागाची संपूर्ण जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुले मोठी झाली होती आणि घराचा भार हलका झाला होता. आयुष्याच्या चाळिशीनंतर स्त्रीने नवे काम अंगावर घ्यावे, हे या घराला स्वाभाविक वाटले. ही अकरा वर्षे आपण नीट लक्षात ठेवली पाहिजेत, कारण पुढील साऱ्या घटनांचे बीज त्यांत आहे.

फेब्रुवारी १९९६. मेहेर इंग्लंडमध्ये बाळंत झाली होती आणि अनूताई लेकीजवळ गेल्या होत्या. त्या परतत होत्या आणि त्यांना आणायला रोहिंटन मोटारीने मुंबईकडे निघाले होते. वाटेतच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यातच त्यांचे निधन झाले. नातवंडाच्या जन्माचा आनंद मनात घेऊन आलेल्या पत्नीचे स्वागत वैधव्याने केले. कंपनीचे समभाग जेमतेम वर्षापूर्वी बाजारात आले होते. हजारो भागधारकांचे पैसे त्यात होते. अवघ्या दोन दिवसांत संचालक मंडळाने अनूताईंना अध्यक्षपदी निवडले.

त्या वेळी आपण या खुर्चीत केवळ घराण्याच्या भागभांडवलामुळे आलो की काय, या शंकेने त्यांना ग्रासले होते. हे त्यांनी पुढे अनेकदा मोकळेपणाने सांगितले आहे. पती अत्यंत हुशार उद्योजक, आपण समाजकार्य शिकलेली स्त्री. तुलना कशी टळणार? दुःखातून सावरण्यासाठी त्यांनी विपश्यनेचा आधार घेतला. पण नियतीची परीक्षा संपली नव्हती. त्यानंतरच्या सुमारे चौदा महिन्यांत सासूबाई गेल्या आणि पंचवीस वर्षांचा कुरुश मोटार अपघातात गेला.

या कथेत घर आणि उद्योग यांचा तोल सांभाळणे हा शब्दप्रयोग किती तोकडा पडतो, ते पाहा. येथे तोल सांभाळण्यासाठी घरच उरते की नाही, हा प्रश्न होता. मेहेर आणि जावई फिरोज पदमजी भारतात परतले व आईपाशी राहिले. घराने घराला सावरले, आणि म्हणूनच उद्योगाकडे पाहण्याचे बळ उरले.

उद्योगाची स्थितीही बिकट होती. मंदीचे दिवस होते, नफा घटत होता. एके काळी ४०० रुपयांवर असलेला समभाग ३६ रुपयांपर्यंत घसरला. एका भागधारकाचे निनावी पत्र आले. तुमच्या घरी संपत्ती असेल, तुम्हाला फरक पडत नसेल, पण तुमच्या कारभाराने आमचे नुकसान केले, असा त्याचा आशय होता. ते पत्र वाचून अनूताई हादरल्या. भागधारकांचा विश्वास सांभाळणे ही आपली जबाबदारी आहे, हे त्या पत्राने त्यांना टोचून सांगितले. त्यांनी बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार संस्थेला पाचारण केले. गाभ्याबाहेरचे व्यवसाय सोडले, ऊर्जा आणि पर्यावरण या मूळ क्षेत्रांवर लक्ष केंद्रित केले. सर्वांत कठीण निर्णय संचालक मंडळाचा होता. देखरेख करणारे आणि दैनंदिन कारभार करणारे यांची फारकत त्यांनी केली. घरच्या माणसांनीही कार्यकारी पदे सोडली आणि स्वतंत्र संचालक आले. २०००-०१ या वर्षात कंपनीला तोटा सोसावा लागला, पण त्यानंतर गाडी रुळावर आली.

२००४ मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, उद्योग उत्तम चालू असताना अनूताईंनी अध्यक्षपद मेहेर यांच्याकडे सोपवले. मेहेर लंडनच्या इंपिरियल कॉलेजमधील रसायन अभियंत्या. १९९० पासून त्यांनी कंपनीत खालच्या पायरीपासून काम केले होते. पुढे अनूताईंनी आपले बळ आकांक्षा आणि टीच फॉर इंडिया या संस्थांच्या द्वारे गरीब मुलांच्या शिक्षणाला दिले. २०१० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१२ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली.

आता ज्या नगराकडे हा रस्ता जातो, त्याला आज जिचे नाव आहे, तिचे स्मरण करू या. चौंडीच्या शिंद्यांची लेक अहिल्या. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले. १७६७ मध्ये एकुलता एक पुत्र मालेराव गेला. आणि तरी १७९५ पर्यंत त्या माऊलीने होळकरशाहीचा कारभार असा केला, की त्याचा आदर्श आजही सांगितला जातो. महेश्वरला विणकरांना आश्रय देऊन तिने जो वस्त्रव्यवसाय रुजवला, तो आजही नांदतो आहे.

आपण अहिल्यादेवींची घाट-मंदिरे सांगतो, त्यांची शिवभक्ती सांगतो. मल्हाररावांनी काय केले, हे मात्र पुरेसे सांगत नाही. त्या सासऱ्याने आपल्या हयातीतच सुनेच्या हाती हिशेब दिले, वसुली दिली, तोफखान्याची सामग्री आणि रसद यांची कामे दिली. पत्रे लिहून तिच्यावर जबाबदाऱ्या टाकल्या. म्हणून १७६७ मध्ये राज्य पोरके झाले नाही. आभाळ कोसळले तेव्हा अहिल्यादेवींना कारभार शिकायचा नव्हता. तो येतच होता. १९९६ च्या अनूताईंच्या मागे जशी अकरा वर्षे होती, तशीच १७६७ च्या अहिल्यादेवींच्या मागे मल्हाररावांच्या तालमीतील वर्षे होती. काळ वेगळा, धर्म वेगळा, व्यवहार वेगळा. घराने केलेले काम एकच. त्याने आपल्या स्त्रीला संकटापूर्वी तयार केले होते.

कोणी म्हणेल, एक राजघराणे आणि दुसरे धनिक घराणे, आमचे काय? हा प्रश्न रास्त आहे. हाताशी नोकरचाकर असणे आणि पाण्याची घागर स्वतः आणावी लागणे, यांत अंतर आहेच. त्यासाठी शेजारच्या दौंड तालुक्यातील खुटबाव पाहू या. शेतमजुरी करणाऱ्या कमलताई परदेशी यांनी २००० साली आपल्यासारख्याच कष्टकरी स्त्रियांना एकत्र करून बचत गट उभारला आणि मसाले कुटण्यास प्रारंभ केला. झोपडीतून सुरू झालेला हा अंबिका मसाला पुढे शहरांतल्या मोठ्या दुकानांच्या फळीवर जाऊन बसला. जानेवारी २०२४ मध्ये कमलताई गेल्या. त्यांच्यापाशी वडिलोपार्जित भांडवल नव्हते, शिकवणारा मल्हारराव नव्हता. ती उणीव गटाने भरून काढली. बचत गटाची वही, महिन्याची बैठक, घेतलेले कर्ज वेळेत फेडण्याची शिस्त आणि एकीच्या घरी अडचण आली तर दुसरीने तिचे काम उचलणे, ही गरिबाघरची तालीमच होय. आणि मसाला हे काम त्यांनी निवडले, कारण त्याचे ज्ञान त्यांच्या चुलीपाशीच होते.

लिज्जत पापडाची कथाही हेच सांगते. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन काम आरंभले. पुढे शाखा वाढल्या, पण व्यवस्था साधीच राहिली : सकाळी केंद्रावरून मळलेले पीठ न्यायचे, घरी पापड लाटायचे, दुसऱ्या दिवशी ते देऊन मजुरी घ्यायची. स्त्रीला घरातून ओढून यंत्रापाशी नेण्याऐवजी त्या उद्योगाने आपली रचनाच घराच्या वेळापत्रकाला जुळवून घेतली. स्त्रीने उद्योगाप्रमाणे बदलावे, एवढाच मार्ग नसतो. उद्योगही घराप्रमाणे बदलू शकतो.

तेव्हा आपल्या घरांकडे वळू या. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित संपत्तीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. कागदावर न्याय झाला. पण अनेक ठिकाणी कारखान्याच्या पाटीवर प्रोप्रायटर म्हणून पत्नीचे नाव असते, सवलतीसाठी अर्जावर तिची सही असते, आणि त्या कारखान्यावर कर्ज किती, देणेकरी कोण, जीएसटीचा भरणा कधी, यांतले तिला काही ठाऊक नसते. ज्या दिवशी घरातील कर्ता अचानक कोसळतो, त्या दिवशी ही नावापुरती मालकीण बँकेच्या दारात परक्यासारखी उभी राहते. दीर, भाऊ, दिवाणजी, ज्याच्या हाती वही त्याच्या हाती उद्योग जातो. हा अन्याय कोणी परका करत नाही. वर्षानुवर्षे प्रेमाने, काळजीने, तिला कशाला त्रास, असे म्हणत आपणच तो करत असतो.

शिक्रापूर परिसरात तर प्रश्न अधिकच तीव्र आहे. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली तरुण जोडपी येथे भाड्याच्या खोलीत संसार मांडतात. एकत्र कुटुंबात मूल आजीच्या मांडीवर वाढत असे. येथे आजी दोनशे कोस दूर आहे. कुटुंबसंस्था हा आपल्या समाजाचा कणा आहे, असे आपण मानतो. मग त्या कण्याने भार घ्यायला हवा. सासूने नातू सांभाळणे हे उपकार नव्हेत, उद्योगातील भागीदारी आहे. पतीने सकाळचा डबा भरणे ही थट्टेची बाब नव्हे. आणि जेथे आजी नाही, तेथे शेजारपाजारच्या चार घरांनी मिळून पाळणाघराची व्यवस्था करणे, हे समाजकार्यच आहे.

म्हणून येथून जाताना तीन साध्या गोष्टी मनाशी धराव्यात. घरातील व्यवसायाची वही पत्नीला, लेकीला, सुनेला महिन्यातून एकदा समजावून द्यावी. तिने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावे. बँकेत, पुरवठादारांकडे, कारागिरांपुढे तिची ओळख सुखाच्या दिवसांतच करून द्यावी. आणि तिने उद्योगात घालवलेल्या तासांची भरपाई तिच्याच झोपेतून होऊ नये, याची काळजी घरातील पुरुषांनी घ्यावी.

कर्तृत्व आपल्या लेकी-सुनांत कमी नाही. उणीव आहे ती त्यांना वेळेत तयार करणाऱ्या घरांची. अहिल्यादेवी घराघरांत जन्माला याव्यात, असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने प्रथम आपल्या घरात एक मल्हारराव आहे का, हे पाहावे.